गेमिंग पीसीत प्रोसेसर आणि ग्राफिक्स कार्डची जोडी कशी जमवायची

नवीन पीसी असेंबल करायचा म्हटलं की पहिला प्रश्न ठरलेला असतो, "हा प्रोसेसर ह्या कार्डला बॉटलनेक करेल का?", म्हणजे त्याच्यामुळे कार्ड अडून राहील का, आणि ह्याला सरळ हो किंवा नाही असं उत्तरच देता येत नाही, कारण विचारणाऱ्याने तीन गोष्टी सांगितलेल्याच नसतात. मॉनिटर कोणता आहे, गेम कोणते खेळणार आणि एफपीएस (सेकंदाला दिसणाऱ्या फ्रेम, म्हणजे चित्रं) किती पाहिजेत. हे तीन कळलं की जोडी जवळजवळ आपोआप ठरते, आणि हे न कळता कोणी छातीठोकपणे "हो रे, बॉटलनेक होणार" म्हणत असेल तर तो अंदाजपंचे बोलतोय.

नेटवर ते बॉटलनेक कॅल्क्युलेटर असतात ना, दोन नावं टाकली की १३.४ टक्के बॉटलनेक असं काहीतरी फेकतात, त्यांचा नाद सोडा. तीच जोडी व्हॅलोरंटमध्ये प्रोसेसरच्या बाजूने अडते आणि सायबरपंक २०७७ मध्ये कार्डच्या बाजूने, मग तो एकच टक्का नेमका कुठल्या गेमचा धरायचा? आणि खरं सांगायचं तर कुठेतरी अडणारच, काहीच अडलं नसतं तर एफपीएस वाढतच गेले असते. बघायचं एवढंच की कुठे अडलेलं आपल्याला चालतंय.

एका फ्रेमचं काम दोघांत कसं वाटलेलं असतं ते आधी बघू. प्रोसेसर ठरवतो की कोण कुठे उभा आहे, गोळी कोणाला लागली, गाडी भिंतीवर आदळली का, गर्दीतली माणसं कुठे चालली, सर्व्हरकडून काय आलं, आणि हे सगळं ठरवून झालं की तो कार्डला सांगतो की आता हे काढ, मग ते काढ. कार्ड ते काढतं, म्हणजे आकार, प्रकाश, सावल्या आणि शेवटी एकेक पिक्सेलचा रंग. घरात एकजण पोळ्या लाटतोय आणि दुसरा भाजतोय तसंच हे, दोघांत जो हळू त्याच्याच वेगाने डबा भरणार, दुसऱ्याचा हात कितीही चालो.

६० एफपीएस पाहिजेत म्हणजे दोघांनाही आपापलं काम १६.७ मिलिसेकंदात उरकायला लागतं. १४४ पाहिजेत तर ६.९ मिलिसेकंद, २४० पाहिजेत तर जेमतेम ४.२. हे आकडे लक्षात ठेवा, कारण लोक "१४४ हर्ट्झचा मॉनिटर घेतलाय" असं सहज म्हणतात पण ते म्हणजे प्रोसेसरला निम्म्याहून कमी वेळ दिल्यासारखं आहे हे डोक्यातच येत नाही.

आता ह्या सगळ्यातली कळीची गोष्ट. रिझोल्यूशन वाढवलं की काम वाढतं ते फक्त कार्डचं. १०८०पी म्हणजे साधारण २०.७ लाख पिक्सेल, १४४०पी म्हणजे ३६.९ लाख आणि ४के म्हणजे ८२.९ लाख, म्हणजे १०८०पीच्या बरोब्बर चौपट. एवढे पिक्सेल रंगवायचे कार्डने, प्रोसेसरला काय, गोळी लागली की नाही हे त्याने एकदाच ठरवायचं, पडदा २४ इंची असो की भिंतीएवढा टीव्ही. म्हणजे एखादा प्रोसेसर एखाद्या गेममध्ये ११० एफपीएसच्या वर जात नसेल तर तो १०८०पीला पण जाणार नाही आणि ४केला पण नाही. ११० हे त्याचं छत झालं. कार्डचं छत मात्र रिझोल्यूशनप्रमाणे आणि सेटिंगप्रमाणे वरखाली होत राहतं.

म्हणून प्रोसेसर निवडायचा एफपीएस बघून आणि कार्ड निवडायचं रिझोल्यूशन बघून. खरेदीला निघताना एवढं एक वाक्य डोक्यात असलं तरी दुकानदार तुम्हाला सहज गंडवू शकत नाही.

हे आकडे आणायचे कुठून, तर रिव्ह्यूमधून, पण दोन वेगवेगळ्या रिव्ह्यूमधून. प्रोसेसरच्या रिव्ह्यूत तो माणूस आरटीएक्स ४०९० नाहीतर ५०९० असलं सगळ्यात भारी कार्ड लावून १०८०पीला गेम चालवत असतो आणि बरेच लोक त्याला हसतात, की एवढं कार्ड घेऊन १०८०पीला कोण खेळतं. कोणीच खेळत नाही, पण त्याला कार्ड मधून काढूनच टाकायचं असतं, म्हणजे जो आकडा येतो तो निव्वळ प्रोसेसरचा. तो तुमच्या प्रोसेसरचं छत म्हणून लिहून घ्या. मग कार्डचा रिव्ह्यू उघडा, त्यात उलटं असतं, प्रोसेसर सगळ्यात भारी लावलेला असतो आणि बदलतं फक्त कार्ड. तिथून तुमच्या रिझोल्यूशनचा आणि तुमच्या सेटिंगचा आकडा घ्या. दोन्हीतला जो लहान तो तुमचा.

उदाहरणार्थ, तुमच्या आवडत्या गेममध्ये प्रोसेसरचा आकडा आला ११० आणि कार्डचा १४४०पीला हाय सेटिंगवर आला ७५, तर तुम्हाला मिळणार ७५च्या आसपास, आणि दुकानदाराचं ऐकून आणखी १५ हजार घालून १६० वाला प्रोसेसर उचलला तरी मिळणार ७५च. तेच पैसे कार्डात घातले असते तर ९०-१०० झाले असते. आता हीच जोडी १०८०पीच्या मॉनिटरवर लावली, कार्डचा आकडा समजा १३० झाला, तर आता ११० वर प्रोसेसर अडतो. जोडी तीच, अडायची जागा बदलली.

ह्यात दोन गोष्टींनी लोक फसतात. एक म्हणजे सरासरी एफपीएस बघतात आणि शेजारचा १ टक्का लो वाला आकडा (सगळ्यात हळू १ टक्का फ्रेमचा वेग) सोडून देतात. प्रोसेसर कमी पडतो तेव्हा सरासरी बरी दिसते पण मधेमधे झटके बसतात, वळलं की अडकलं, स्फोट झाला की अडकलं, आणि ते त्या १ टक्केवाल्या आकड्यात दिसतं. कार्ड कमी पडतं तेव्हा सगळंच एकसारखं हळू होतं, ते त्यामानाने डोळ्याला कमी खुपतं आणि सेटिंग कमी केली की सुटतं पण. म्हणून माझं मत असं की जोडी जमवताना अडायचंच असेल तर कार्डने अडावं. दुसरं म्हणजे गेममधला जो आपला बेंचमार्क (वेग मोजायची तयार चाचणी) असतो तो बऱ्याचदा रिकाम्या रस्त्यातून कॅमेरा फिरवून आणतो आणि खरा गेम भर बाजारात खेळायचा असतो. बाल्डर्स गेट ३ चं तिसरं प्रकरण, जिथे शहर सुरू होतं, तिथे पोचल्यावर लोकांना कळलं की आपला प्रोसेसर म्हातारा झालाय, तोपर्यंत सगळं छान चाललेलं.

गेमप्रमाणे पण बघायला लागतं. व्हॅलोरंट, सीएस२ (काउंटर-स्ट्राइक २) असले गेम कार्डला फार काही मागत नाहीत, तिथे लोकांना २४० एफपीएस पाहिजे असतात आणि ते द्यायचे प्रोसेसरने. सिटीज स्कायलाइन्स २, मायक्रोसॉफ्ट फ्लाइट सिम्युलेटर, फॅक्टोरिओ असले गेम मुळातच प्रोसेसर खाणारे. ह्यांच्या उलट ब्लॅक मिथ वुकाँग, अ‍ॅलन वेक २, रे ट्रेसिंग (प्रकाशाच्या किरणांचा हिशोब करून सावल्या-प्रतिबिंबं काढायची पद्धत) लावलेलं सायबरपंक, हे कार्डचा घाम काढतात. आणि रे ट्रेसिंगबद्दल एक गैरसमज आहे की त्याचा भार फक्त कार्डवर पडतो, तसं नाही, किरणं कशावर आदळणार त्याचा हिशोब सतत नवा मांडायला लागतो आणि त्यात प्रोसेसरला पण जुंपलं जातं. मार्व्हल्स स्पायडरमॅनमध्ये शहरावरून झोके घेताना रे ट्रेसिंग चालू करून बघा, जुना सहा कोरचा (कोर म्हणजे प्रोसेसरमधला एकेक काम करणारा भाग) प्रोसेसर कसा धापा टाकतो ते दिसेल.

एनव्हिडियाचं डीएलएसएस आणि एएमडीचं एफएसआर, म्हणजे चित्र लहान काढून मोठं करायच्या युक्त्या, पण ह्या हिशोबात धरायला लागतात. १४४०पीच्या मॉनिटरवर डीएलएसएस क्वालिटी लावलं म्हणजे आतमध्ये गेम ९६०पीलाच काढला जातो आणि मग ताणून मोठा केला जातो. म्हणजे कार्डचं काम कमी झालं, छत वर गेलं, आणि प्रोसेसर आहे तिथेच. म्हणून "डीएलएसएस लावलं तरी एफपीएस वाढतच नाहीयेत" असं कोणी म्हणालं की समजायचं, प्रोसेसर आधीच छताला टेकलेला होता. ४केला परफॉर्मन्स मोडवर खेळणारा माणूस खरं तर १०८०पीलाच खेळतोय, त्याने प्रोसेसर पण तसाच बघावा. फ्रेम जनरेशनचं वेगळं, ते मधल्या फ्रेम कार्डवरच बनवून घालतं म्हणून प्रोसेसर अडलेला असला तरी आकडा वाढतो, चित्र पण सलग हलल्यासारखं वाटतं, पण माउस हलवल्यावर होणारा उशीर काही कमी होत नाही, उलट थोडा वाढतो. मुळात ६०च्या आसपास मिळत असतील तर लावा, ३०चे ६० करायला लावाल तर पोहल्यासारखं वाटेल.

आता नावांच्या फसवणुकीबद्दल, कारण पैसे इथेच जातात. आपल्याकडे आय७ शब्दाला अजून फार वजन आहे, घरच्यांना पण आय७ सांगितलं की बरं वाटतं. पण आय३ १२१००एफ, ज्याला चारच कोर आहेत, तो गेममध्ये जुन्या आय७ ७७००के ला मागे टाकतो, आणि ७७००के ला पण चारच कोर होते. पिढी बघायची, आय किती ते नंतर.

एएमडीत ह्याहून बारीक खोच आहे. रायझन ५ ५६०० आणि रायझन ५ ५५००, दोन्हीला सहा कोर बारा थ्रेड (एकावेळी चालू शकणारी कामं), भावात थोडाच फरक, मग ५५०० घेतला तर काय बिघडलं? बिघडतं असं की ५६०० ला ३२ एमबी एल३ कॅश (प्रोसेसरच्या आतली वेगवान मेमरी) आहे आणि ५५०० ला १६, आणि गेमला कॅश लागते. शिवाय ५६०० पीसीआयई (कार्ड आणि प्रोसेसर जोडणारा रस्ता) ४.० देतो आणि ५५०० पीसीआयई ३.० वरच थांबतो. ५६००जी चं पण तसंच, १६ एमबी आणि पीसीआयई ३.०, नावात मात्र ५६००. जी वाला प्रोसेसर घ्यायचा तो कार्ड नसताना किंवा कार्ड नंतर घ्यायचं असेल तेव्हा. एएमडीच्या नवीन एएम५ सॉकेटवर (सॉकेट म्हणजे बोर्डवर प्रोसेसर बसतो ती जागा) ८४००एफ आणि ८५००जी ची गोष्ट तीच, दोघांनाही कॅश १६ एमबी, आणि ८५००जी तर कार्डला ह्या पीसीआयई रस्त्याच्या चारच लेन देतो. त्याऐवजी ७५००एफ किंवा ७६०० बघा, ३२ एमबी वाले.

आणि ज्यांच्या नावात एक्स३डी आहे त्यांना ही कॅश एकावर एक थर चढवून दिलेली असते, ५८००एक्स३डी, ७८००एक्स३डी, ९८००एक्स३डी ह्या सगळ्यांना ९६ एमबी. म्हणून गेमिंगमध्ये ते स्वतःहून जास्त कोर असलेल्यांना मागे टाकतात. पण हे पण सांगून ठेवतो, ९८००एक्स३डी घेऊन सोबत मधल्या दर्जाचं कार्ड आणि १४४०पी अल्ट्रा असा बेत असेल तर ते पैसे पाण्यात. तुम्ही सीएस२ वाले असाल, सिम्युलेटरवाले असाल, तर मात्र तीच जोडी एकदम शहाणपणाची.

लेनचा मुद्दा वर आलाच आहे तर तो संपवूनच टाकू. कार्डला वायरिंग सगळीकडे सोळा लेनचं नसतं. आरटीएक्स ४०६०, ५०६०, ५०६० टीआय आठ लेनवर चालतात, आरएक्स ६६०० पण आठ, आणि आरएक्स ६५०० एक्सटी तर फक्त चार. तुमचा बोर्ड किंवा प्रोसेसर पीसीआयई ३.० वाला असेल तर आठ लेनवाल्या कार्डला बहुतेक गेममध्ये किरकोळ फटका बसतो, पण व्हीरॅम (कार्डची स्वतःची मेमरी) भरलं की तो वाढतो, आणि ६५०० एक्सटी चार जीबीची असल्यामुळे तिचं व्हीरॅम भरतंच. ही ६५०० एक्सटी जुन्या बोर्डवर लावू नका, विषय संपला. जुन्या पीसीसाठी आरटीएक्स ३०६० १२ जीबी सेकंडहँड मिळाली तर ती पूर्ण सोळा लेनची आहे. आरएक्स ९०६० एक्सटी पण सोळा लेनची आहे.

इंटेलच्या आर्क बी५८० बद्दल वेगळं सांगावं लागतं, १२ जीबी व्हीरॅम आणि किंमत बघून कोणालाही मोह होतो. पण हिला रिसायझेबल बार (प्रोसेसरला कार्डची सगळी मेमरी एकदम वापरू देणारी बोर्डमधली सेटिंग) चालू लागतो आणि हिचा ड्रायव्हर प्रोसेसरवर जास्त भार टाकतो, त्यामुळे रायझन ५ २६०० सारख्या जुन्या प्रोसेसरसोबत ती तिच्या रिव्ह्यूतल्या आकड्यांच्या जवळपास पण जात नाही. आणि गंमत बघा, स्वस्त कार्ड घेणारा माणूसच जुना प्रोसेसर वापरत असतो. नवीन प्रोसेसर असेल तर जरूर घ्या.

मग आता जोड्या. भाव रोज बदलतात म्हणून भाव लिहीत नाही, पण साधा अंदाज असा की गोष्टीवाले, मोठे, सुंदर दिसणारे गेम खेळायचे असतील तर प्रोसेसरवर जेवढे पैसे त्याच्या दुप्पट किंवा थोडे जास्तच कार्डवर. १०८०पी आणि ६० ते १०० एफपीएस एवढीच अपेक्षा असेल तर आय५ १२४००एफ नाहीतर रायझन ५ ५६००, सोबत आरटीएक्स ५०६० किंवा आरएक्स ९०६० एक्सटी, ह्यात काही वावगं नाही, उगाच कोणी १२४००एफ जुना झाला म्हणून घाबरवलं तर घाबरू नका. १४४०पी ला ७५००एफ, ७६०० किंवा ९६००एक्स आणि सोबत ९०६० एक्सटी १६ जीबी किंवा ५०६० टीआय १६ जीबी, आणि पैसे असतील तर प्रोसेसर तोच ठेवून कार्ड ९०७० किंवा ५०७० पर्यंत न्या, चालतंय. ९०६० एक्सटी आणि ५०६० टीआय दोन्हीच्या आठ जीबीवाल्या पण आवृत्त्या मिळतात, नाव तेच असतं, दुकानात नीट विचारा. १४४०पीला हाय टेक्स्चर (वस्तूंच्या पृष्ठभागावरची बारीक चित्रं) लावलं की आठ जीबी नवीन गेममध्ये पुरत नाहीत आणि मग जे झटके बसतात ते बघून माणूस प्रोसेसरला शिव्या देतो. ४के ६० साठी सहा कोरवाला ७६०० पण पुरतो, पैसे सगळे ९०७० एक्सटी नाहीतर ५०७० टीआय मध्ये. आणि २४० हर्ट्झवर फक्त व्हॅलोरंट-सीएस खेळणाऱ्यांनी हे सगळं उलटं करायचं, ७८००एक्स३डी आणि सोबत ५०६० च्या दर्जाचं काहीही.

मुंबईत लॅमिंग्टन रोडला कोटेशन काढायला गेलात तर प्रोसेसर आणि बोर्ड कॉम्बोत देतात, त्यात बऱ्याचदा प्रोसेसर भारी आणि बोर्ड सगळ्यात खालचा असा प्रकार असतो. सहा कोरच्या ६५ वॉटवाल्या प्रोसेसरला साधा बोर्ड चालतो, त्याच्या वर गेलात तर बोर्डचं नाव कोटेशनवर पूर्ण लिहून घ्या, नुसतं "बी सिरीज" नको. आणि रॅमच्या ओळीत १६ जीबी असं लिहिलेलं असेल तर विचारा, आठ आठच्या दोन की सोळाची एक. एकच काडी टाकली तर मेमरीचा रस्ता निम्मा होतो आणि प्रोसेसरचं छत खाली येतं, प्रोसेसर बदलल्याएवढा फरक काही गेममध्ये पडतो. २०२५च्या शेवटी शेवटी रॅमचे भाव भडकल्यापासून एक काडी टाकून कोटेशन खाली आणायची युक्ती जास्तच दिसते. ह्याच कारणाने ज्यांच्याकडे एएम४ बोर्ड आणि डीडीआर४ रॅम आधीच आहे त्यांनी एएम५ च्या मागे लागण्याआधी दहादा विचार करावा, बी४५० सारख्या जुन्या बोर्डवर बायोस (बोर्डचं आतलं सॉफ्टवेअर) अपडेट करून ५६०० किंवा ५७००एक्स बसतो, रॅम तीच, बोर्ड तोच. अगदी नवीन घेणाऱ्याला मात्र एएम५ च सांगेन, कारण त्या सॉकेटवर २०२७ पर्यंत आणि पुढेही सपोर्ट देऊ असं एएमडीने सांगितलेलं आहे, म्हणजे पुढे प्रोसेसर तेवढा बदलता येईल. इंटेलचं १२ ते १४ पिढीचं सॉकेट तिथेच संपलं.

सेकंडहँड १३व्या-१४व्या पिढीचा इंटेल मिळत असेल, विशेषतः वरचे के वाले, तर सांभाळून. ते जास्त व्होल्टेजने खराब होत होते आणि इंटेलने २०२४ मध्ये त्यावर मायक्रोकोडचे (प्रोसेसरच्या आतल्या सॉफ्टवेअरचे) अपडेट काढले, पण आधीच बिघडलेला तुकडा अपडेटने सुधारत नाही. १२४००एफ ला हा त्रास नाही.

आधीच पीसी आहे आणि कळत नाहीये की काय बदलावं, त्यांच्यासाठी. एमएसआय आफ्टरबर्नर आणि त्याच्यासोबत येणारं रिव्हाट्यूनर टाका, दोन्ही फुकट आहेत. ओव्हरले (खेळताना कोपऱ्यात दिसणारे आकडे) मध्ये एवढं चालू करा: कार्डचा वापर, कार्डचा क्लॉक (चालायचा वेग), व्हीरॅम, प्रोसेसरच्या प्रत्येक थ्रेडचा वापर वेगवेगळा, तापमान, एफपीएस आणि फ्रेमटाइमचा (एकेका फ्रेमला लागलेल्या वेळेचा) आलेख. मग गेममध्ये व्हीसिंक (एफपीएस मॉनिटरच्या हर्ट्झला बांधणारी सेटिंग) आणि एफपीएसची मर्यादा बंद करा, हे विसरलात तर पुढचं सगळं चुकीचं दिसेल. आणि गेममधल्या सगळ्यात गर्दीच्या ठिकाणी जाऊन उभे राहा.

समजा आता कोपऱ्यात असं दिसतंय: कार्ड ६४ टक्के, एफपीएस ५८, प्रोसेसर एकूण ३२ टक्के. बघणारा म्हणेल की दोघंही रिकामेच बसलेत, मग अडलंय कुठे? थ्रेडच्या ओळी बघा. एक ९७ टक्के, दुसरा ७० च्या आसपास, बाकीचे १५-२०-३० असे लोळतायत. बारा थ्रेडच्या प्रोसेसरमध्ये एक थ्रेड पूर्ण भरला तरी एकूण आकड्यात तो जेमतेम ८ टक्के दिसतो, म्हणून एकूण आकडा बघून काही कळत नाही. विंडोज काम एका थ्रेडवरून दुसऱ्यावर फिरवत राहतं, त्यामुळे कधीकधी एकही ९७ला दिसत नाही. म्हणून खरी खूण ही की मर्यादा काढलेली असताना कार्ड ९५ च्या खाली रेंगाळतंय. ९७-९९ ला चिकटलेलं असेल तर कार्ड अडलंय, आणि तसं असेल तर सगळं व्यवस्थित आहे, ते पैसे वसूल करतंय.

खात्री करायची असेल तर तिथेच उभं राहून रिझोल्यूशन १०८०पीवरून ७२०पीवर आणा. ५८ चे ६० झाले, म्हणजे काहीच झालं नाही, तर प्रोसेसर किंवा रॅम. ५८ चे ९० झाले तर कार्ड. एवढी सोपी परीक्षा आहे, तरी लोक न करता कार्ड बदलून मोकळे होतात आणि मग जुने ५८ च नवीन कार्डवर बघत बसतात.

प्रोसेसर निघाला तरी लगेच पाकीट काढू नका. टास्क मॅनेजरमध्ये मेमरीच्या पानावर जा, किती स्लॉट वापरात आहेत आणि स्पीड किती ते तिथेच लिहिलेलं असतं. ३२०० ची रॅम २१३३ किंवा २६६६ वर चालत असेल तर बायोसमध्ये जाऊन एक्सएमपी (रॅमला तिच्या पूर्ण वेगाने चालवणारी सेटिंग) चालू करा, एएम५ वर त्याला एक्स्पो म्हणतात, फुकटचा फायदा आहे. गेममध्ये गर्दीची घनता, लांबचं दिसण्याची सेटिंग आणि रे ट्रेसिंग कमी करा, कारण प्रोसेसरचा भार ह्यांनी हलका होतो. सायबरपंकमध्ये तर क्राउड डेन्सिटी अशी वेगळी सेटिंगच आहे. टेक्स्चर आणि अँटिअलायझिंग (कडा गुळगुळीत करणारी सेटिंग) खाली आणून प्रोसेसरला काडीचा फरक पडत नाही, उलट कार्ड रिकामं बसलेलंच आहे तर ती वर न्या, चित्र सुंदर दिसेल आणि एफपीएस तेवढेच राहतील.

तापमान पण बघा, खासकरून विदर्भातल्यांनी. एप्रिल-मे मध्ये नागपूर-चंद्रपूरला बाहेर ४५ असतं, खोलीत ३८, आणि कॅबिनेटच्या पुढे काच लावलेली. तापल्यावर प्रोसेसर आणि कार्ड दोघंही क्लॉक खाली आणतात आणि मग माणसाला वाटतं की जोडी चुकली. गेम सुरू केल्यावर पाच मिनिटांनी क्लॉक किती होता आणि अर्ध्या तासाने किती राहिला हे ताडून बघा, बराच पडला असेल तर आधी पंखे आणि जाळीचं कॅबिनेट.

एसएमपीएस (पीसीला वीज पुरवणारा डबा) चा विषय लहान आहे पण टाळू नका. आरटीएक्स ५०६० ला एनव्हिडिया ५५० वॉट सांगते, ५०६० टीआय ला ६००. कॅबिनेटसोबत फुकट आलेल्या ४५० वॉटच्या डब्यावर नवीन कार्ड लावायचं नाही, त्याच्यावर ४५० नुसतं लिहिलेलं असतं.

लॅपटॉपवाल्यांना ह्यातलं फारसं काही करता येत नाही, जोडी कंपनीने जमवूनच दिलेली असते. एकच बघा, कार्डला किती वॉट दिलेत. ४०६० लॅपटॉप ३५ वॉटची पण असते आणि ११५ ची पण, डब्यावर नाव दोन्हीचं तेच.

पीसी घरी आला की कामाला लागायच्या आधी चार गोष्टी तपासा. मॉनिटरची केबल कार्डमध्ये लावलीय ना, बोर्डच्या पोर्टमध्ये नाही, हे वाचून हसू येत असेल पण "नवीन कार्ड टाकून काहीच फरक नाही" म्हणणाऱ्यांत ह्या केबलवाल्यांची संख्या कमी नाही. विंडोजच्या डिस्प्ले सेटिंगमध्ये १४४ हर्ट्झ निवडलंय ना, कारण ते आपोआप बऱ्याचदा ६० वरच राहतं. एक्सएमपी किंवा एक्स्पो चालू आहे ना. रिसायझेबल बार चालू आहे ना. मग आपला गेम अर्धा तास खेळून ओव्हरलेचा एक स्क्रीनशॉट काढा, तारीख टाकून ठेवा, पक्क्या बिलाचा फोटो ठेवता त्याच फोल्डरमध्ये, म्हणजे सहा महिन्यांनी कोणत्या तरी अपडेटनंतर गेम हळू वाटला तर तुलना करायला आकडे हाताशी असतील.